नापास पीयूसी आणि ऑक्सिजन सेन्सर

पेट्रोल गाडी पीयूसी चाचणीत नापास होते तेव्हा दोषाचे मूळ बहुतेक वेळा इंधन आणि हवा यांच्या बिघडलेल्या प्रमाणात असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की कार्बनचा काही भाग कार्बन डायऑक्साइडपर्यंत न पोहोचता कार्बन मोनॉक्साइडवरच थांबतो आणि थोडे पेट्रोल न जळता हायड्रोकार्बनच्या रूपात बाहेर पडते. हवा थोडी जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. फारच जास्त झाली तर मिश्रण नीट पेटत नाही आणि पुन्हा न जळलेले इंधन धुरात येते. सिलिंडरमध्ये गेलेली हवा आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे, हे लॅम्डा हा आकडा सांगतो. लॅम्डा १ असेल तर मिश्रण नेमके असते. आकडा त्याहून खाली गेला तर पेट्रोल जास्त, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी ‘रिच’ चालते. वर गेला तर हवा जास्त, म्हणजे ‘लीन’. हा आकडा १ च्या जवळ धरून ठेवण्यासाठी इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएम, सायलेन्सरच्या नळीत बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरवर विसंबून असतो.

इतक्या काटेकोरपणाची गरज कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे निर्माण झाली. आजच्या पेट्रोल गाड्यांतील कन्व्हर्टर एकाच वेळी तीन कामे करतो: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांना ऑक्सिजन देऊन जाळतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधून ऑक्सिजन काढून घेतो. देणे आणि काढून घेणे ही उलट दिशेची कामे एकत्र साधतात ती लॅम्डा १ च्या आजूबाजूच्या अगदी अरुंद पट्ट्यातच. मिश्रण थोडे जरी रिच झाले तरी मोनॉक्साइड जाळायला ऑक्सिजन उरत नाही. थोडे लीन झाले की नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच बाहेर पडतात. कार्बुरेटरच्या स्क्रूने हा पट्टा सांभाळणे अशक्य होते. त्यासाठी धुरात डोकावून दर क्षणाला खबर देणारे काहीतरी हवे होते. बॉश या जर्मन कंपनीने १९७६ मध्ये अशा सेन्सरचे उत्पादन सुरू केले आणि व्होल्वोने तो अमेरिकेत विकायच्या २४० व २६० मालिकेतील गाड्यांत प्रथम वापरला. त्यामागे कॅलिफोर्नियाचे कडक नियम होते.

सेन्सरचे टोक झिर्कोनियम डायऑक्साइडच्या चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचे असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर असतो. बाहेरची बाजू धुरात असते, आतल्या पोकळीत साधी हवा असते, जिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की या पदार्थातून ऑक्सिजनचे आयन वाहू शकतात. दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका विद्युतदाब तयार होतो. या मागचे गणित जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले होते. धूर लीन असेल तर त्यात ऑक्सिजन शिल्लक असतो, तफावत लहान राहते आणि सेन्सर ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो. धूर रिच असेल तर ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो आणि दाब ०.९ व्होल्टपर्यंत चढतो. गंमत अशी की मधली पायरी जवळजवळ नाहीच: लॅम्डा १ ओलांडताना आकडा एकदम उडी मारतो. त्यामुळे हा सेन्सर ‘किती’ ते सांगत नाही, फक्त ‘रिच’ किंवा ‘लीन’ एवढेच सांगतो. उत्तर ‘रिच’ आले की ईसीएम इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ कणभर कमी करतो, ‘लीन’ येताच कणभर वाढवतो. नीट चालणाऱ्या गरम इंजिनात सेन्सरचा आकडा असा सतत वरखाली होत राहतो आणि सरासरी लॅम्डा १ वर टिकतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत पुढचा सेन्सर ‘वाइडबँड’ प्रकारचा असतो. तो ‘किती’ हेही सांगतो, पण व्होल्टऐवजी विजेच्या प्रवाहातून. त्याची तपासणी साध्या मल्टिमीटरने होत नाही, स्कॅनरच लावावा लागतो.

बहुतेक गाड्यांत दोन सेन्सर असतात. कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर मिश्रण सांभाळतो. नंतरचा सेन्सर कन्व्हर्टर काम करतो की नाही यावर नजर ठेवतो. त्याचा आकडा शांत, साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टवर स्थिर असावा; तोही पुढच्यासारखा नाचू लागला तर कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवू शकत नाही असा अर्थ होतो आणि पी०४२० हा कोड नोंदला जातो. या कोडवर मागचा सेन्सर बदलून टाकण्याची पद्धत सर्रास आढळते. ती बहुधा चुकीची असते, कारण त्या वेळी सेन्सर आपले काम चोख करत असतो.

भारतातील पीयूसी चाचणीचा आधार केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ आहे. नव्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष सूट मिळते. त्यानंतर बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना बारा महिन्यांचे, जुन्या गाड्यांना सहा महिन्यांचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. नियमभंगाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चाचणीत धुराच्या नळीत नमुना घेणारी कांडी सारतात; यंत्र मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांच्या शोषणावरून आणि ऑक्सिजन रासायनिक घटाने मोजते. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत ठेवावे लागते. मग इंजिन मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर धरून मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान आहे का, हे पाहतात. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांची मर्यादा बरीच सैल आहे. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने देशभर एकच प्रमाणपत्राचा नमुना लागू केला आणि नापास गाडीला आकड्यांसह नकाराची चिठ्ठी देण्याची तरतूद केली. ही चिठ्ठी अनेक जण फाडून टाकतात आणि दुसऱ्या केंद्राचा रस्ता धरतात. वास्तविक रोगाचे निदान त्या चिठ्ठीतच असते.

चिठ्ठीतील आकडे सुटे नव्हे, एकत्र वाचायचे असतात. मोनॉक्साइड जास्त, ऑक्सिजन जवळपास शून्य आणि लॅम्डा ०.९७ च्या खाली असेल तर गाडी रिच चालते आहे, यात शंका नाही. हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही जास्त, पण मोनॉक्साइड बेताचे असेल तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. दोष प्लग, कॉइल किंवा कॉम्प्रेशनचा. तिसरी शक्यता सर्वांत जास्त फसवते: लॅम्डा नेमका १, तरीही मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मर्यादेबाहेर. यंत्र लॅम्डा थेट मोजत नाही. चारही वायूंच्या आकड्यांवरून तो एका सूत्राने काढते. बॉशमधील ब्रेटश्नायडर यांनी ते १९७९ मध्ये मांडले. हे सूत्र धुरातील सगळा कार्बन आणि सगळा ऑक्सिजन मोजणीत धरते, मग ते जळलेल्या रूपात असोत की अर्धवट जळलेल्या. म्हणून कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर लॅम्डा जवळपास तोच येतो. लॅम्डा बरोबर आणि वायू जास्त, याचा अर्थ मिश्रण ठीक आहे, कन्व्हर्टर थकला आहे. अशा गाडीत नवा ऑक्सिजन सेन्सर बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

गाडी रिच असल्याचे ठरले तरी सेन्सर दोषी ठरत नाही. इथे दोन स्वतंत्र साक्षी समोरासमोर ठेवाव्या लागतात: नळीच्या टोकाला यंत्राने काढलेला लॅम्डा आणि स्कॅनरवर दिसणारे सेन्सरचे मत. ईसीएम सेन्सरचे ऐकून पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, हे स्कॅनर ‘फ्युएल ट्रिम’ या नावाने दाखवतो. यंत्र रिच म्हणते आणि ट्रिम उणे वीस-पंचवीस असेल, तर सेन्सर खरे बोलतो आहे. ईसीएम जिवाच्या आकांताने पेट्रोल कमी करतो आहे, तरी ते कुठून तरी येतेच आहे. गळका इंजेक्टर, जास्त इंधनदाब, टाकीची वाफ आणणारा उघडा राहिलेला व्हॉल्व्ह, यांत शोध घ्यावा. उलट यंत्र रिच म्हणते आणि सेन्सर मात्र ०.१ व्होल्टवर चिकटून ‘लीन, लीन’ सांगत असेल, ट्रिम अधिक बाजूला चढलेली असेल, तर सेन्सर खोटी खबर देतो आहे आणि ईसीएम त्या खबरीवर पेट्रोल ओतत आहे. जुन्या झिर्कोनिया सेन्सरचा दाब वयाबरोबर कमी होत जातो, म्हणून थकलेला सेन्सर बहुधा याच दिशेने चुकतो. तिसऱ्या स्थितीत ट्रिम शून्यावर गोठलेली असते, म्हणजे ईसीएम सेन्सरचे ऐकतच नाही. सेन्सरला तापवणारा हीटर जळाला असेल, वायर तुटली असेल किंवा इंजिन अजून गार आहे अशी ईसीएमची समजूत असेल, तेव्हा असे होते.

ही समजूत कूलंट तापमानाचा सेन्सर करून देतो. त्याचा रोध तापमान वाढले की उतरतो: खोलीच्या तापमानाला दोन-तीन किलोओहम, तर गरम इंजिनात काही शे ओहम. कनेक्टरला गंज लागून रोध वाढला की ईसीएमला इंजिन कायम गार वाटते, आणि पहाटेच्या थंडीत लागते तसे जादा पेट्रोल तो भर दुपारीही देत राहतो. थर्मोस्टॅट उघडा राहून इंजिन खरोखरच गार चालले तरी परिणाम तोच. या छोट्या सेन्सरची किंमत ऑक्सिजन सेन्सरच्या काही अंशाने असते आणि तो बदलायला अर्धा तासही लागत नाही. म्हणून रिच गाडीत स्कॅनरवर आधी कूलंटचे तापमान पाहावे, मग ऑक्सिजन सेन्सरकडे वळावे.

मिसफायरच्या बाबतीत सेन्सरवर सर्वांत जास्त अन्याय होतो. प्लग पेटला नाही तर पेट्रोलबरोबर सगळी हवाही न वापरता नळीत येते. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, ऑक्सिजन दिसतो. तो प्रामाणिकपणे ‘लीन’ सांगतो. ईसीएम सर्वच सिलिंडरांचे पेट्रोल वाढवतो आणि चांगले चालणारे बाकीचे सिलिंडरही रिच होतात. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याची आतली जाळी वितळवू शकते. एका थकलेल्या प्लगने एवढा अनर्थ होतो. सेन्सरच्या आधी सायलेन्सरला भेग किंवा गॅस्केटला गळती असेल तरी तिथून बाहेरची हवा ओढली जाते आणि तसाच खोटा ‘लीन’ निर्माण होतो.

संशय सेन्सरवर पक्का होत आला की त्याची थेट परीक्षा घेता येते. इंजिन पूर्ण गरम करून फेऱ्या २००० ते २५०० वर धरल्यावर झिर्कोनिया सेन्सरचा आकडा ०.२ च्या खाली आणि ०.८ च्या वर असा दहा सेकंदांत अनेक वेळा फिरला पाहिजे. न फिरल्यास त्याला मुद्दाम डिवचून पाहावे: इनटेकची एक व्हॅक्यूम नळी क्षणभर काढली की आकडा पडला पाहिजे, एकदम रेस दिली की चढला पाहिजे. डिवचल्यावर चटकन हलला तर सेन्सर जिवंत आहे, दोष दुसरीकडे. हलला नाही किंवा आळसावून हलला तर तो गेला आहे. पी०१३३ हा मंद प्रतिसादाचा कोड आणि पी०१३५ हा हीटरच्या सर्किटचा. हीटर तपासणे त्याहून सोपे. चार वायरींच्या बॉश सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी ग्राउंडची असते. पांढऱ्या वायरींमधला रोध काही ओहम असावा. मीटर अनंत दाखवू लागले तर हीटर तुटला आहे. नवा सेन्सर मागवण्याआधी फ्यूज मात्र पाहून घ्यावा.

सेन्सर का गेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये, नाहीतर तोही त्याच वाटेने जातो. शिशामुळे प्लॅटिनम निकामी होते. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आले ते याच कारणाने, आणि २००० साली शिशाचे पेट्रोल देशातून गेले. आजचे शत्रू वेगळे आहेत. इंजिन तेल खात असेल तर त्यातील फॉस्फरसची राख टोकावर बसते. हेड गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये झिरपले तर त्यातील सिलिकेट पांढरट थर देते. इंजिनचे काम करताना सेन्सरला न चालणारे सिलिकॉन सीलंट वापरले तर त्याची वाफही हेच करते. काळी, भुसभुशीत काजळी मात्र विष नव्हे, ती रिच चालण्याची खूण आहे आणि पुष्कळदा मिश्रण सुधारल्यावर जळून जाते. काढलेला सेन्सर फेकण्याआधी त्याचे टोक उजेडात पाहावे, ते यासाठी.

बदलण्याचे काम दिसते तेवढे साधे नसते, कारण वर्षानुवर्षे तापून आटे गंजाने धरलेले असतात. चारचाकीच्या बहुतेक सेन्सरला १८ मिलिमीटरचे आटे आणि २२ मिलिमीटरचा पाना लागतो. वायर बाहेर निघावी म्हणून बाजूला खाच असलेला खास सॉकेट मिळतो. तो वापरला तर षट्कोन झिजत नाही. आट्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून काही वेळ थांबावे. नळी कोमट असताना सेन्सर सहज सुटतो. लाल तापलेली असताना हात लावू नये. नव्या सेन्सरच्या आट्यांवर कंपनीचे अँटी-सीझ बहुधा लावलेलेच असते. ते टोकाला लागू देऊ नये, आणि हातातून पडून आपटलेला सेन्सर बसवू नये, कारण आतला पदार्थ ठिसूळ असतो. आवळणे ४० ते ५० न्यूटन-मीटरपर्यंत, म्हणजे घट्ट पण अंगाचा जोर न लावता. वायर नळीला टेकणार नाही अशी क्लिपमध्ये बसवावी. कनेक्टर तयार असलेला, त्याच मॉडेलचा सेन्सर घेणे उत्तम. वायर कापून जोडायचा सेन्सर घेतलाच तर सोल्डर करू नये: अनेक सेन्सरमध्ये आतल्या पोकळीला हवा वायरीच्या तारांमधूनच पोहोचते आणि सोल्डर तो मार्ग बुजवतो. क्रिंप करून जोडावे. हाच नियम कनेक्टरमध्ये ग्रीस भरण्यालाही लागू आहे.

बसवल्यावर कोड पुसून ईसीएमला नव्या सेन्सरची सवय होऊ द्यावी लागते. दोष जुना असेल तर ईसीएमने आपल्या दीर्घकालीन ट्रिममध्ये चुकीच्या खबरीचा हिशेब साठवलेला असतो. शहरातील आणि हायवेवरील थोड्या धावेनंतर ट्रिम शून्याच्या आसपास येते. पाच-सात टक्के इकडेतिकडे चालते. अमेरिकेतील अनेक राज्यांत १९९६ नंतरच्या गाड्यांची चाचणी ईसीएमला थेट विचारून होते. तिथे कोड पुसून लगेच गेलेली गाडी परत पाठवतात, कारण स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या नसल्याचे ईसीएम सांगतो. भारतात पीयूसी केंद्रावर धूरच मोजला जातो, त्यामुळे तो अडसर नाही. पण कन्व्हर्टर ३०० अंशांच्या आसपासच कामाला लागतो. पंधरा-वीस मिनिटे नीट धावून आलेली गाडी थेट चाचणीला न्यावी. रांगेत बराच वेळ आयडलिंगवर उभी राहिलेली गाडी, सर्व काही ठीक असूनही, काठावर नापास होऊ शकते.

नव्या सेन्सरनंतरही मोनॉक्साइड उतरले नाही आणि लॅम्डा १ वर आला असेल, तर रिच चालण्याच्या काळात कन्व्हर्टर निकामी झाला आहे. ही दुरुस्ती सेन्सरच्या कित्येक पट महाग पडते. इथेच काही ठिकाणी कन्व्हर्टर काढून सरळ पाइप बसवण्याचा किंवा मागच्या सेन्सरला खोटा सिग्नल देणारी चकती लावण्याचा सल्ला मिळतो. त्याने डॅशबोर्डवरील दिवा विझतो, धूर तसाच राहतो. शिवाय निर्मात्याने बसवलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. हा सल्ला मानू नये.

इथेनॉलमुळे या सगळ्याला एक नवी बाजू मिळाली आहे. देशभर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते.  इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने एका किलो मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ किलो हवा पुरते. ऑक्सिजन सेन्सरला इंधनाची जात कळत नाही, फक्त लॅम्डा कळतो, आणि म्हणूनच तो ईसीएमला पेट्रोल वाढवायला लावून ही तफावत भरून काढतो. जुन्या गाडीत त्यामुळे ट्रिम काही टक्के अधिक दिसली तर तो दोष समजू नये. सेन्सर मात्र धड असायला हवा, कारण इथे त्याच्याशिवाय दुसरा आधार नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर फ्युएल इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर मोटारसायकली आणि स्कूटरमध्येही आले. तिथे कार्बुरेटरच्या सवयीने स्क्रू फिरवून आयडलिंग ‘सेट’ करण्याचा प्रयत्न उपयोगाचा नाही. निदानाची पद्धत वर सांगितलेलीच. डिझेल गाडीची पीयूसी निराळी असते, तिच्यात धुराचा काळेपणा मोजतात आणि दोष बहुधा इंजेक्टर, टर्बो किंवा फिल्टरमध्ये निघतो.

पीयूसी वर्षातून एकदा किंवा दोनदा होते, सेन्सर मात्र मधल्या कोणत्याही दिवशी जाऊ शकतो आणि रिच चाललेला प्रत्येक महिना कन्व्हर्टरचे आयुष्य खातो. ‘चेक इंजिन’चा दिवा लागला किंवा गाडीचे ॲव्हरेज कारणाशिवाय पडले, तर प्रमाणपत्राची मुदत संपण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात स्कॅनर लावून घ्यावा.